भयाला घरचा पत्ता देणारा लेखक

भयकथा म्हटले, की काही ठरावीक चित्रे मनासमोर उभी राहतात. गावकुसाबाहेरचा पडका वाडा, अमावास्येची रात्र, वाऱ्याने आपटणारी झडप, लांबवर रडणारे कुत्रे. पाश्चात्त्य वाङ्मयात वाड्याच्या जागी धुक्यात बुडालेला किल्ला येतो आणि पिंपळाच्या जागी शवपेटिका, एवढाच फरक. या साऱ्या सामग्रीचा एक सोयीचा गुण असतो : ती वाचकापासून सुरक्षित अंतरावर असते. त्या वाड्याकडे फिरकलेच नाही, तर भुताशी गाठ पडण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर एका अमेरिकन लेखकाने हे अंतरच पुसून टाकले. त्यांनी भय उचलले आणि ते उपनगरातल्या बैठ्या घरात, तळघरात, विमानाच्या खिडकीशेजारच्या आसनावर आणि भर दिवसाच्या हमरस्त्यावर आणून ठेवले. रिचर्ड मॅथेसन (१९२६-२०१३) हे त्या लेखकाचे नाव.

हे नाव आपल्याकडे फारसे परिचयाचे नाही. खुद्द अमेरिकेतही त्यांच्या कथा जितक्या घरोघरी पोचल्या, तितके त्यांचे नाव पोचले नाही. विल स्मिथचा 'आय ॲम लेजंड' पाहिलेला, स्टीव्हन स्पीलबर्गचा 'ड्युएल' श्वास रोखून पाहिलेला किंवा ह्यू जॅकमनचा 'रिअल स्टील' मुलांबरोबर पाहिलेला प्रेक्षक मराठी घरांतही सहज सापडेल. हे तिन्ही चित्रपट एकाच माणसाच्या लेखनातून निघाले आहेत, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. सहा दशकांहून अधिक काळ लिहिणाऱ्या, भयकथा, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा या तिन्ही क्षेत्रांतील मानाचे पुरस्कार मिळवणाऱ्या या लेखकाने नेमके काय केले आणि ते करताना त्यांच्या वाट्याला काय आले, हे समजून घेण्याजोगे आहे.

ब्रुकलिन ते कॅलिफोर्निया

मॅथेसन यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२६ रोजी न्यू जर्सी राज्यातील ॲलेनडेल येथे झाला. आईवडील नॉर्वेहून आलेले स्थलांतरित. मॅथेसन आठ वर्षांचे असताना ते दोघे विभक्त झाले आणि मुलाचे संगोपन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आईने केले. त्याच वयात 'ब्रुकलिन ईगल' या स्थानिक दैनिकात त्यांचे पहिले लेखन छापून आले. दुसऱ्या महायुद्धात ते पायदळातून युरोपच्या आघाडीवर लढले. कोवळ्या वयाच्या सैनिकांचा तो अनुभव पुढे १९६० मध्ये 'द बिअर्डलेस वॉरियर्स' या कादंबरीत उतरला. युद्धानंतर मिसुरी विद्यापीठातून १९४९ मध्ये त्यांनी पत्रकारितेची पदवी घेतली आणि १९५१ मध्ये ते कॅलिफोर्नियात गेले. तिथेच विवाह झाला, संसार वाढला आणि चार मुले झाली, त्यांतली तिघे पुढे लेखक झाली.

हा तपशील चरित्राची औपचारिकता म्हणून दिलेला नाही. युद्ध पाहिलेला, लहान वयात घर मोडलेले पाहिलेला आणि उपजीविकेसाठी विमानांच्या कारखान्यात काम करीत रात्री लिहिणारा हा तरुण पिता होता. त्याच्या कथांतील नायक जवळजवळ नेहमी असाच असतो : संसारी, घरभाड्याची आणि हप्त्यांची चिंता वाहणारा, साधा माणूस. अशा माणसाच्या आयुष्यात एकच अशक्य गोष्ट घडते आणि बाकी सारे जग जसेच्या तसे राहते. मॅथेसन यांच्या भयाचे रहस्य या एका वाक्यात सांगता येते.

तळघरातले मूल

१९५० च्या उन्हाळ्यात 'द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन' या नियतकालिकात 'बॉर्न ऑफ मॅन अँड वूमन' ही त्यांची कथा प्रसिद्ध झाली. त्या वेळी मॅथेसन २४ वर्षांचे होते. कथा अवघ्या काही पानांची. आईवडिलांनी तळघरात साखळीने बांधून ठेवलेले, माणसासारखे न दिसणारे एक मूल आपल्या मोडक्यातोडक्या भाषेत रोजनिशीसारखे काही सांगते. वर पाहुणे आले आहेत, हसण्याचे आवाज येत आहेत, खिडकीच्या फटीतून दुसरी मुले खेळताना दिसत आहेत आणि वर डोकावल्याबद्दल आपल्याला मार बसला आहे, एवढेच त्याला कळते.

वाचक आधी त्या मुलाला भितो, मग त्याची दया येते आणि मग त्याच्या आईवडिलांची भीती वाटू लागते. शेवटी छळाने संतापलेले मूल धमकी देते, तेव्हा आपण नेमके कुणाच्या बाजूने उभे आहोत, हे ठरवणे अवघड होऊन बसते. राक्षसाच्या तोंडून कथा सांगण्याची युक्ती नवी नव्हती. पण राक्षस राहतो कुठे, तर चारचौघांसारख्या घराच्या पोटात, आणि त्याला राक्षस बनवते कोण, तर त्याचे जन्मदाते, ही मांडणी नवी होती. या एका कथेने मॅथेसन यांचे नाव संपादकांच्या आणि वाचकांच्या लक्षात राहिले.

शेवटचा माणूस आणि नवा समाज

त्यांची सर्वांत प्रभावी कादंबरी 'आय ॲम लेजंड' १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. किशोरवयात त्यांनी 'ड्रॅक्युला' चित्रपट पाहिला होता. एक रक्तपिपासू पिशाच इतके भयंकर वाटत असेल, तर सारे जगच तसे झाले आणि माणूस एकटाच उरला तर काय होईल, हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला आणि बऱ्याच वर्षांनी त्याची कादंबरी झाली.

रॉबर्ट नेव्हिल हा या कादंबरीचा नायक. लॉस एंजलिसजवळच्या गार्डेना या उपनगरात तो एका साध्या घरात राहतो. स्वतः मॅथेसन तेव्हा याच भागात राहत होते. महायुद्ध, धुळीची वादळे, डास आणि त्यांमागून आलेली साथ यांनी जग उद्ध्वस्त केले आहे. दिवसा नेव्हिल खिडक्यांच्या फळ्या दुरुस्त करतो, लसणाच्या माळा लावतो, लाकडी खुंट्या तासतो आणि झोपलेल्या पिशाचांना शोधून ठार करतो. रात्री घराबाहेर जमाव गोळा होतो. त्यात बेन कॉर्टमन हा पूर्वी त्याच्याबरोबर कामावर जाणारा शेजारीही असतो आणि तो नेव्हिलला नाव घेऊन बाहेर बोलावतो. ओळखीच्या आवाजाने मारलेली ती हाक, कोणत्याही किंकाळीपेक्षा अधिक भेदक आहे.

कादंबरीचा दुसरा विशेष असा, की नेव्हिल केवळ लढत नाही. तो अभ्यास करतो. ग्रंथालयातून पुस्तके आणतो, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे नमुने तपासतो आणि या साऱ्यामागे एक जिवाणू असल्याचे त्याला उमगते. लसूण का चालतो, सूर्यप्रकाश का सहन होत नाही, क्रूसाला ही पिशाचे का भितात, याची उत्तरे तो एकेक करून शोधतो. क्रूसाची भीती मानसिक आहे, आणि म्हणून ती फक्त ख्रिस्ती पिशाचांनाच वाटते; ज्यू असलेला कॉर्टमन मात्र आपल्या धर्मग्रंथापुढे मागे सरतो. लोककथेतील भयाला प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवणारी ही कल्पकता भयकथा आणि विज्ञानकथा यांच्यातली भिंतच काढून टाकते. स्पष्टीकरण मिळाल्याने भय कमी होत नाही. उलट ते वाढते, कारण आता ते शक्य वाटू लागते. २०२० च्या महासाथीत दारेखिडक्या लावून घरात बसलेल्या पिढीला ही पाने निराळ्या अर्थाने कळतील.

पण कादंबरीचे खरे मर्म तिच्या शेवटात आहे. संसर्ग झालेल्यांपैकी काही जण मेलेले नाहीत. औषधाच्या आधाराने जगायला शिकून ते नवा समाज उभारीत आहेत. नेव्हिल दिवसा ज्यांना ठार करीत होता, त्यांत हे जिवंत लोकही होते. त्यांच्या दृष्टीने तो कोण? दिवसाउजेडी, झोपेत असताना येऊन खुंटी ठोकणारा, कुणालाही न दिसणारा संहारक. पकडला गेल्यावर खिडकीतून खालच्या जमावाकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांतील भीती त्याला दिसते आणि कळते, की आता राक्षस आपणच आहोत. जुन्या जगात पिशाच ही दंतकथा होती. नव्या जगात शेवटचा माणूस ही दंतकथा होणार. शीर्षकाचा अर्थ असा आहे.

बहुसंख्य कोण आहेत, यावर 'सामान्य' काय आणि 'विकृत' काय हे ठरते, हा विचार मॅथेसन यांनी शीतयुद्धाच्या काळातील अमेरिकेत, संशयाने भारलेल्या वातावरणात, कागदी बांधणीच्या एका स्वस्त पुस्तकातून मांडला. त्या पुस्तकाचे ऋण पुढच्यांनी मान्यही केले. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटातून आजचा चालता मुडदा, म्हणजे 'झॉम्बी', जन्माला आला. त्याची प्रेरणा या कादंबरीत होती, असे रोमेरो यांनीच सांगितले आहे. घराला वेढा घालणारी मृतांची झुंड आज जगभरच्या चित्रपटांत आणि मालिकांत दिसते. तिचा माग काढत मागे गेले, तर आपण नेव्हिलच्या फळ्या ठोकलेल्या खिडकीपाशी येऊन पोचतो.

दिवसाला एक सप्तमांश इंच

१९५६ ची 'द श्रिंकिंग मॅन' ही कादंबरी सुचली ती एका विनोदी चित्रपटातील क्षुल्लक प्रसंगावरून. पात्र चुकून दुसऱ्याची टोपी घालते आणि ती कानांवर घसरते. मॅथेसन यांच्या मनात आले, की ही टोपी त्याची स्वतःचीच असती तर? लाँग आयलंडवरील एका भाड्याच्या घराच्या तळघरात बसून त्यांनी ही कादंबरी लिहिली आणि ते तळघरच कादंबरीची रणभूमी झाले.

किरणोत्सारी धुके आणि कीटकनाशक यांच्या संयोगाने स्कॉट केरी या गृहस्थाची उंची दररोज एक सप्तमांश इंचाने कमी होऊ लागते. आठवड्याला एक इंच. आधी कपडे ढगळ होतात, मग नोकरी जाते, पत्नीशी असलेले नाते बिघडते, पोटच्या मुलीच्या नजरेतील आदर संपतो. घरचे मांजर हिंस्र श्वापद ठरते आणि अखेरीस तळघरातील कोळ्याशी टाचणी घेऊन लढावे लागते. वरवर पाहता ही साहसकथा आहे. आत मात्र ती मिळकत अपुरी पडणाऱ्या, कर्त्या पुरुषाच्या जागेवरून हळूहळू ढळणाऱ्या माणसाची व्यथा आहे. घरात आपले महत्त्व रोज थोडे थोडे कमी होत आहे, ही भावना ज्याने अनुभवली असेल, त्याला किरणोत्सारी धुक्याच्या स्पष्टीकरणाची गरज पडणार नाही.

शेवटही अनपेक्षित आहे. गणिताप्रमाणे एका दिवशी केरी शून्य व्हायला हवा. पण निसर्गाला शून्य ठाऊक नाही. लहानाहून लहान असेही जग आहे, हे उमजून तो त्या नव्या जगात पाऊल टाकतो. भयकथेचा शेवट आश्चर्याने आणि आशेने करण्याचे धैर्य फार थोड्यांकडे असते.

या कादंबरीचे हक्क विकताना मॅथेसन यांनी पटकथा आपणच लिहू, अशी अट घातली आणि ती मान्य झाली. जॅक अर्नोल्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या १९५७ च्या 'द इनक्रेडिबल श्रिंकिंग मॅन' या चित्रपटाला १९५८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. एका अटीने कादंबरीकाराचा पटकथाकार झाला आणि पुढील कारकीर्दीची दिशा ठरली.

छोट्या पडद्यावरची शाळा

१९५९ ते १९६४ या काळात रॉड सर्लिंग यांची 'द ट्वायलाइट झोन' ही मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाजली. अद्भुताच्या आडून समाजावर भाष्य करणाऱ्या या मालिकेचे बहुतेक भाग अर्ध्या तासाचे होते. त्यातले सोळा भाग मॅथेसन यांच्या लेखनावर आधारित होते. सर्लिंग यांच्यानंतर या मालिकेचे रूप घडवण्यात मॅथेसन आणि त्यांचे मित्र चार्ल्स बोमाँट या दोघांचा वाटा मोठा होता.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध भाग 'नाइटमेअर ॲट ट्वेंटी थाउजंड फीट' ११ ऑक्टोबर १९६३ रोजी दाखवला गेला. मानसिक आजारातून नुकताच बरा झालेला एक प्रवासी रात्रीच्या विमानात बसला आहे. खिडकीबाहेर, पंखावर, त्याला एक प्राणी दिसतो आणि तो यंत्राची मोडतोड करीत आहे. इतर कुणी पाहायला गेले, की प्राणी दिसत नाही. आता ओरडावे, तर वेडा ठरणार; गप्प बसावे, तर सारे मरणार. विल्यम शॅटनर यांनी रंगवलेल्या या प्रवाशाचा पेच पाहताना कळते, की मॅथेसन यांच्या कथेत पंखावरच्या प्राण्याहून मोठे भय निराळेच असते : आपण खरे बोलत असूनही आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

'द इनव्हेडर्स' (१९६१) या भागात जवळजवळ संवादच नाहीत. एकाकी झोपडीत राहणाऱ्या बाईवर वीतभर उंचीचे परग्रहवासी हल्ला करतात आणि ती त्यांना चिरडून टाकते. शेवटी त्यांच्या यानावरील अक्षरे दिसतात आणि कळते, की हे 'परग्रहवासी' पृथ्वीवरचे अमेरिकन सैनिक होते. अवाढव्य देहाची ती बाईच परग्रहावरची. 'आय ॲम लेजंड'मधील उलथापालथ इथे अर्ध्या तासात आणि संवादाच्या आधाराशिवाय पुन्हा घडते. 'लिटल गर्ल लॉस्ट' (१९६२) ची कल्पना तर त्यांच्याच घरातली. रात्री मुलीच्या रडण्याचा आवाज यावा आणि ती अंथरुणात दिसू नये, असे एकदा घडले होते. मुलगी पलंगाखाली भिंतीपर्यंत घरंगळत गेली होती, इतकेच. पण त्या काही क्षणांत बापाच्या काळजात जे झाले, ते त्यांनी कथेसाठी जपून ठेवले.

याच सुमारास दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांच्यासाठी त्यांनी एडगर ॲलन पो यांच्या साहित्यावर आधारित चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या. १९६० चा 'हाऊस ऑफ अशर', १९६१ चा 'द पिट अँड द पेंड्युलम', १९६२ चा 'टेल्स ऑफ टेरर' आणि १९६३ चा 'द रेव्हन' हे ते चित्रपट. १९६६ मध्ये 'स्टार ट्रेक' मालिकेसाठी त्यांनी 'द एनिमी विदिन' हा भाग लिहिला. कप्तान कर्कचे एका अपघाताने सौम्य आणि क्रूर अशा दोन माणसांत विभाजन होते आणि सौम्य माणसाला निर्णयच घेता येत नाहीत, असे लक्षात येते. माणसातील अंधाराशिवाय माणूस पुरा होत नाही, हा विचार लाखो प्रेक्षकांपर्यंत पोचला तो असा, करमणुकीच्या वाटेने.

हमरस्त्यावरचा पाठलाग

२२ नोव्हेंबर १९६३ या दिवशी मॅथेसन आपले लेखकमित्र जेरी सोल यांच्याबरोबर गोल्फ खेळत होते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी कळताच दोघे सुन्न होऊन मोटारीने परत निघाले. वाटेत अरुंद घाटरस्त्यावर एक अवजड ट्रक त्यांच्या मोटारीच्या अगदी मागे लागला. कसेबसे त्यातून सुटल्यावर मॅथेसन यांनी हाताशी असलेल्या पाकिटाच्या मागे कथेची कल्पना टिपून ठेवली. दूरचित्रवाणीच्या निर्मात्यांना त्या कल्पनेत काही दिसले नाही. अखेर त्यांनी तिची दीर्घकथा केली आणि ती एप्रिल १९७१ मध्ये 'प्लेबॉय'मध्ये छापून आली.

त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला 'ड्युएल' हा दूरचित्रवाणीपट प्रक्षेपित झाला. पटकथा मॅथेसन यांची आणि दिग्दर्शक २४ वर्षांचे स्टीव्हन स्पीलबर्ग. एक विक्रेता मोटारीने चालला आहे आणि एक गंजका टँकर कोणत्याही कारणाविना त्याचा जीव घ्यायला मागे लागला आहे. चालकाचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, कारण कळत नाही, मदत मिळत नाही. भूत नाही, पिशाच नाही, रात्रदेखील नाही. लख्ख उन्हात, डांबरी रस्त्यावर भय निर्माण करण्याचा हा प्रयोग इतका यशस्वी ठरला, की लांबी वाढवून तो युरोपात चित्रपटगृहांतून दाखवला गेला आणि स्पीलबर्ग यांच्या कीर्तीचा आरंभ झाला.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९७२ मध्ये, आलेल्या 'द नाइट स्टॉकर' या दूरचित्रवाणीपटात लास व्हेगासच्या झगमगाटात वावरणारे पिशाच आणि त्याचा माग काढणारा वार्ताहर होता. जेफ राइस यांच्या तेव्हा अप्रकाशित असलेल्या कादंबरीवरून मॅथेसन यांनी लिहिलेल्या या पटकथेला रहस्यकथा क्षेत्रातील एडगर पुरस्कार लाभला.

भीतीच्या पलीकडे

स्वतःला 'हॉरर' लेखक म्हणवून घेणे मॅथेसन यांना रुचत नसे. किळस आणि रक्तपात यांवर उभा असलेला भयाचा प्रकार त्यांना आपला वाटत नव्हता; मनाला हळूहळू वेढणारी धास्ती हे त्यांचे क्षेत्र होते. सत्तरीच्या दशकात तर त्यांनी वाटच बदलली. १९७१ च्या 'हेल हाऊस' या झपाटलेल्या वास्तूच्या कादंबरीनंतर १९७५ मध्ये त्यांनी 'बिड टाइम रिटर्न' ही प्रेमकथा लिहिली. नेव्हाडातील एका जुन्या नाट्यगृहात मॉड ॲडम्स या गतकालीन अभिनेत्रीचे छायाचित्र त्यांनी पाहिले होते. त्या चेहऱ्याच्या प्रेमात पडून कुणी काळाच्या मागे गेला तर, या कल्पनेतून ही कादंबरी आली. तिला १९७६ चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. १९८० मध्ये तिच्यावर 'समव्हेअर इन टाइम' हा चित्रपट निघाला. प्रदर्शित झाला तेव्हा तो फारसा चालला नाही. पण पुढे त्याला असे निष्ठावान प्रेक्षक लाभले, की चित्रीकरण झालेल्या मॅकिनॅक बेटावरील हॉटेलात त्यांचे मेळावे भरू लागले.

१९७८ च्या 'व्हॉट ड्रीम्स मे कम' मध्ये मृत्यूनंतर पत्नीला शोधायला निघालेला पती आहे. रॉबिन विल्यम्स यांची भूमिका असलेला याच नावाचा चित्रपट १९९८ मध्ये आला आणि त्यातील दृश्यपरिणामांना ऑस्कर मिळाले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जर्नल ऑफ द गन इयर्स' या पश्चिम अमेरिकेच्या पार्श्वभूमीवरील कादंबरीला स्पर पुरस्कार लाभला. १९८४ मध्ये वर्ल्ड फँटसीचा जीवनगौरव, त्यानंतर भयकथा लेखकांच्या संघटनेचा ब्रॅम स्टोकर जीवनगौरव आणि २०१० मध्ये सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश, असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. एकाच लेखकाला रहस्य, अद्भुत, भय, विज्ञान आणि पश्चिमकथा अशा पाच प्रकारांनी आपले म्हणावे, ही घटना दुर्मीळच.

श्रेय कुणाचे, शेवट कुणाचा?

या यशाला एक दुखरी बाजूही आहे. 'आय ॲम लेजंड'वर तीन मोठे चित्रपट झाले आणि तिन्हींनी कादंबरीचा गाभा कमीअधिक प्रमाणात सोडून दिला. पन्नाशीच्या दशकात इंग्लंडच्या हॅमर संस्थेसाठी मॅथेसन यांनी स्वतः पटकथा लिहिली होती. पण तिथल्या परीक्षण मंडळाच्या आक्षेपांमुळे तो चित्रपट बारगळला. ती पटकथा पुढे इटलीत चित्रित झालेल्या १९६४ च्या 'द लास्ट मॅन ऑन अर्थ'साठी वापरली गेली, तेव्हा तिच्यात झालेले बदल न आवडल्याने त्यांनी आपले नाव काढून 'लोगन स्वॉन्सन' हे टोपणनाव दिले. १९८६ मध्ये 'बटन, बटन' या त्यांच्या कथेचा शेवट दूरचित्रवाणीवर बदलला गेला, तेव्हाही हेच टोपणनाव पुन्हा कामी आले. मनाविरुद्ध झालेल्या बदलांपुढे लेखकाच्या हाती उरते ते एवढेच : आपले नाव मागे घेणे.

१९७१ च्या 'द ओमेगा मॅन'मध्ये पिशाचांची जागा विकृत पंथीयांनी घेतली. २००७ च्या चित्रपटात कथा न्यूयॉर्कला गेली आणि नायक मानवजातीसाठी बलिदान देऊन 'दंतकथा' बनला. इथे एका शब्दाचा अर्थच उलटला. मूळ कादंबरीत 'लेजंड' म्हणजे इतरांना भय घालणारी आख्यायिका; चित्रपटात ती झाली वीरगाथा. विशेष म्हणजे याच चित्रपटाचा दुसरा शेवटही चित्रित झाला होता आणि तो नंतर डीव्हीडीवर उपलब्ध करून देण्यात आला. त्यात नायकाला कळते, की समोरचे 'राक्षस' आपल्याच एका साथीदाराला सोडवायला आले आहेत आणि त्यांच्या लेखी क्रूर आपण आहोत. हा शेवट कादंबरीच्या जवळचा आहे. पण चित्रपटगृहांत दाखवला गेला तो दुसराच. शत्रूच्या डोळ्यांतून स्वतःकडे पाहणे हे करमणुकीच्या बाजारात अजूनही महागात पडते, असाच याचा अर्थ.

मात्र लेखकांच्या बिरादरीने मॅथेसन यांचे ऋण लपवले नाही. स्टीफन किंग यांनी आपल्यावर सर्वाधिक प्रभाव टाकणारा लेखक म्हणून त्यांचे नाव घेतले आणि २००६ ची 'सेल' ही कादंबरी मॅथेसन आणि रोमेरो या दोघांना अर्पण केली. गावातले दुकान, घरची मोटार, पाळलेला कुत्रा यांतून किंग जे भय उभे करतात, त्याचा पाया मॅथेसन यांनी घातला होता.

आपल्याकडचा धागा

मराठीपुरते बोलायचे, तर नारायण धारप (१९२५-२००८) हे मॅथेसन यांचे जवळजवळ समवयस्क आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) एक तपाने धाकटे. मध्यमवर्गीय माणसाच्या ओळखीच्या खोलीत अनोळखी काही शिरते, ही मांडणी या दोघांच्याही वाचकांना परकी नाही. धारपांनी पाश्चात्त्य कथाबीजे मराठी मातीत रुजवली. त्यांची 'आजी' ही कथा किंग यांच्या 'ग्रामा' या कथेवरून बेतलेली होती आणि २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाची पहिली ठिणगी त्या मराठी कथेत होती, असे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे. किंग यांनी ज्यांना गुरुस्थानी मानले, त्या मॅथेसन यांच्यापर्यंत हा धागा असा दूरान्वयाने जाऊन पोचतो. भयाला भाषेची आणि देशाची सीमा नसते. तिचे घर तेवढे बदलते.

आपल्या समीक्षेने भयकथेला दीर्घकाळ प्रवासात वाचून टाकण्याचे साहित्य मानले. मॅथेसन यांच्या कारकीर्दीकडे पाहिले, तर ही वर्गवारी किती अपुरी आहे, ते दिसते. ज्या काळात गंभीर कादंबरी माणसाच्या एकटेपणाविषयी चर्चा करीत होती, त्याच काळात स्वस्त पुस्तकांतून आणि अर्ध्या तासाच्या मालिकेतून हा लेखक तेच प्रश्न कोट्यवधी सामान्य लोकांसमोर ठेवीत होता. माणूस घरातच परका कसा होतो, सत्य सांगणारा वेडा कसा ठरतो, आणि आपण ज्याला राक्षस म्हणतो त्याच्या दृष्टीने आपण कोण, हे ते प्रश्न.

२३ जून २०१३ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, कॅलिफोर्नियात मॅथेसन यांचे निधन झाले. त्यांना नव्याने वाचू इच्छिणाऱ्याने सुरुवात 'आय ॲम लेजंड'पासूनच करावी. चित्रपट आधी पाहिला असेल, तरी बिघडत नाही, कारण पुस्तकाचा शेवट अजून त्याच्यासाठी अस्पर्श आहे. बाहेर जमलेल्या झुंडीची भीती वाटत वाटत वाचक शेवटच्या पानावर येतो आणि तिथे त्याला कळते, की खिडकीच्या दुसऱ्या बाजूलाही माणसेच उभी आहेत आणि तीही भ्यालेली आहेत. भयकथेने याहून अधिक काय द्यावे?